टिलँडसिया आयोनांथा: नागपूरच्या हवेत सहज जगणारं एअर प्लांट, ओळखायचं कसं अन् वाढवायचं कसं

पहिलं एअर प्लांट कोणतं घेऊ असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, आयोनांथा घ्या. पूर्ण नाव टिलँडसिया आयोनांथा. तळहातावर मावेल एवढं असतं, माती लागत नाही, कुंडी लागत नाही, आणि आपल्या नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् जानेवारीत रात्री ८-१० पर्यंत उतरतो, तिथेही नीट जगतं, फुलतं, पिल्लं म्हणजे बुडाशी नवी छोटी झाडं देतं. अट एकच आहे, ओलं केलं की ते काही तासांत पूर्ण वाळलं पाहिजे. इथे सगळ्यांना भीती उन्हाची वाटते, पण मी आपल्याकडे जेवढी एअर प्लांट्स मरताना पाहिली त्यातली बरीचशी अख्खा उन्हाळा काढून मग जुलै-ऑगस्टमध्ये गेली, म्हणजे तहानेनं नाही तर गाभ्यात पाणी अडकून सडल्यानं. म्हणून खाली पाण्याबद्दल जास्त लिहिलंय, तो भाग घाईत वाचू नका.

आधी हे झाड आहे काय ते. टिलँडसिया अननसाच्या कुळातली, म्हणजे ब्रोमेलिएसी कुळातली. आयोनांथा मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, तिकडे झाडांच्या फांद्यांवर, कुठे खडकांवर चिकटून वाढते. मुळं असतात पण ती फक्त धरून ठेवायला, पाणी अन् खत सगळं पानांतूनच आत जातं. आमच्या शेजारच्या काकूंनी गॅलरीत टांगलेलं पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, "काहून आणलं गं हे बांडगूळ घरात?" तर हे बांडगूळ नाही. बांडगूळ ज्या झाडावर बसतं त्याच्या आत घुसून त्याचा रस ओढतं, एअर प्लांट नुसता आधार घेतं, आपल्या विदर्भात जुन्या आंब्यांवर रास्ना म्हणजे वांडा ऑर्किड दिसतं तेही असंच नुसतं आधाराला बसलेलं असतं. अजून एक घोळ नेटवर होतो, एअर प्लांट म्हणून सर्च केलं की कधी कधी पानफुटीची माहिती येते कारण इंग्रजीत तिलाही तेच नाव चालतं. पानफुटी मातीत लावायची असते, तिचा इथे काही संबंध नाही, ती माहिती वाचून हे झाड कुंडीत पुरू नका.

ओळखायचं कसं

सगळ्यात आधी थेंबाची टेस्ट, कारण ऑनलाइन विकायला प्लास्टिकची एअर प्लांट्सही भरपूर असतात अन् फोटोत ती हुबेहूब दिसतात. झाड कोरडं असताना एका पानावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा अन् जवळून पहा. खऱ्या टिलँडसियाचं कोरडं पान राखाडी-रुपेरी दिसतं, त्यावर थेंब पडला की तो गोल राहत नाही, पसरतो, आणि काही सेकंदांत तेवढाच डाग हिरवागार होतो. असं का होतं तर पानावर ट्रायकोम म्हणून अगदी बारीक खवल्यांसारखे केस असतात, कोरडे असले की ते पांढरे दिसतात अन् ऊन परतवतात, ओले झाले की पाणी ओढून पारदर्शक होतात आणि खालचा हिरवा रंग वर येतो. मोबाइलचा मॅक्रो मोड असेल तर जरूर लावून पहा, पानभर चांदीची कोंड पसरल्यासारखी दिसते. प्लास्टिकवर थेंब तसाच गोल बसून राहतो. हीच टेस्ट पुढे रोज कामाला येते, पान रुपेरी आहे म्हणजे झाड कोरडं आहे, हिरवं आहे म्हणजे अजून ओलं आहे, एवढं डोळ्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता टिलँडसिया आहे हे कळलं, पण आयोनांथाच आहे का? आयोनांथा छोटी असते, साधारण ५ ते ८ सेंटीमीटर, पानं जाडसर, अरुंद, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळती, एकमेकांवर घट्ट बसलेली, सगळी वरच्या बाजूला रोख धरून. बुडखा पांढरट असतो. खोड असं काही दिसत नाही. आणि सगळ्यात पक्की खूण फुलाच्या वेळेला कळते, दांडा नावालाही नसतो, गाभ्यातूनच थेट जांभळी नळी वर येते, त्या नळीच्या टोकाला पिवळे पुंकेसर बाहेर डोकावतात. फूल यायच्या आधी आतली पानं लाल व्हायला लागतात, टोकाकडे अन् गाभ्याजवळ रंग गडद, बाहेरच्या पानांकडे हळूहळू हिरव्यात विरत जातो. हा विरत जाणारा रंग लक्षात ठेवा कारण बाजारात रंग मारलेली झाडंसुद्धा येतात. रंग मारलेल्यात सगळी पानं एकसारखी लाल, निळी नाहीतर गुलाबी असतात, जुनी खालची पानंही तशीच, आणि पान जरा बाजूला करून बुडाशी पाहिलं तर तिथे रंग पोचलेला नसतो. असं झाड घेऊ नका. रंगाचा थर ट्रायकोमवर बसतो, मग पाणी आत जाणार कसं.

आयोनांथातही प्रकार आहेत. मेक्सिको नावानं मिळते ती बुटकी, गुबगुबीत, पानं आखूड. ग्वाटेमाला जरा उंच, मोकळी, पानं लांब. फुएगो छोटी असते आणि फूल नसतानाही चांगली लालसर राहते. ड्रुइड वेगळीच, तिची फुलं पांढरी आणि फुलताना पानं लाल न होता पिवळसर होतात, ते पाहून झाड आजारी पडलं समजू नका. सुरुवातीला ग्वाटेमाला घ्या असं मी म्हणेन, पानं मोकळी असल्यामुळे गाभा लवकर वाळतो.

आयोनांथा म्हणून दुसरंच काही हातात देतात त्यात नेहमीची मंडळी अशी. ब्रॅकीकॉलॉस मोठी असते, पानं पातळ, जरा चकचकीत अन् पसरट, फुलताना तीही लाल होते म्हणून गोंधळ होतो, पण पान चिमटीत धरलं तर फरक लगेच कळतो. स्ट्रिक्टाची पानं बारीक अन् मऊ, आणि तिला गुलाबी पाकळ्यांसारख्या पानांचा झुकलेला तुरा येतो, त्यातून निळसर फुलं. एरांथॉस अन् बर्जेरी या दोघी बहिणीच, पानं कडक, टोचतात, आणि खोड लांबत जाऊन त्याच्याभोवती पानं लागतात, एरांथॉसची फुलं गडद निळी-जांभळी, बर्जेरीची फिकट निळी, मोठी, पाकळ्यांना पीळ पडलेला. या दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या, खूप काटक आहेत, बर्जेरी तर इतकी पिल्लं देते की गुच्छच होतो, चुकून मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नका, ठेवा. बल्बोसा मात्र नवख्या माणसानं टाळावी, बुडाशी कांद्यासारखा फुगा असतो, तो आतून पोकळ असतो, त्यात पाणी गेलं की बाहेर निघत नाही. अन् झेरोग्राफिका म्हणजे ती मोठी, रुपेरी, केसांच्या बटांसारखी वळलेली पानं असणारी, ती दिसायला फार देखणी आहे पण महाग आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या जागतिक करारात, नियंत्रित केलेला आहे, तेव्हा ती घ्यायचीच असेल तर नर्सरीत वाढवलेली आहे याची खात्री करूनच घ्या.

घेताना दुकानात असाल तर बुडखा दोन बोटांनी हलकेच दाबा. कडक लागला तर ठीक. मऊ लागला, काळपट दिसला, किंवा मधलं पान हलकं ओढल्यावर हातात आलं तर ते झाड गेलेलं आहे, वरून कितीही हिरवं दिसो. खालची एक-दोन पानं वाळलेली असतील तर ते चालतं, जुनी पानं वाळणारच. पार्सलनं मागवत असाल तर एप्रिल-मेमध्ये मागवू नका, बंद डब्यात अन् गरम गाडीत झाड उकडून निघतं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आल्यावर डबा लगेच उघडा, अर्धा तास पाण्यात बुडवा, उलटं करून वाळवा, आणि पहिले आठ-दहा दिवस सावलीतच ठेवा.

पाणी

एअर म्हणजे हवेवर जगतं, पाणी लागत नाही, हे डोक्यातून काढून टाका. पाणी लागतं. नुसतं येता-जाता फुस्स करून स्प्रे मारला तर नागपुरात ते पानावर मुरायच्या आधीच उडून जातं. बुडवणं हाच खरा उपाय. एखादं बाउल किंवा छोटी बादली घ्यायची, झाड पूर्ण पाण्याखाली जाईल असं २०-३० मिनिटं ठेवायचं, काढलं की उलटं धरून चांगलं झटकायचं, अगदी जोरात, गाभ्यातलं पाणी बाहेर उडालं पाहिजे, आणि मग उलटं किंवा आडवं करून जाळीवर, पंख्याखाली ठेवायचं. साधारण ४ तासांत ते परत रुपेरी दिसायला लागलं पाहिजे. नाही लागलं तर हवा कमी पडतेय, जागा बदला.

बुडवायची वेळ सकाळची. याचं कारण आहे. टिलँडसिया दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवते अन् रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवते आणि दिवसा उजेडात वापरते, कोरड्या भागातल्या बऱ्याच झाडांची हीच पद्धत असते. आता रात्री पानं ओली असतील तर त्या पाण्याच्या थरातून तिला नीट श्वास घेता येत नाही. म्हणून संध्याकाळी कामावरून आल्यावर बुडवून रात्रभर ओलं सोडणं, जे आपल्याला सोयीचं वाटतं, ते टाळा. खूपच वाळलं असेल, पानं आत वळून नळीसारखी झाली असतील, तर मात्र एखाद वेळी ८-१० तास बुडवून ठेवायला हरकत नाही, ते उपचार म्हणून, रोजचं नाही.

उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत, आठवड्यातून तीनदा बुडवा. नवतपा, म्हणजे मेच्या शेवटी येणारे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू असताना मी एक दिवसाआड बुडवते आणि मधल्या दिवशी सकाळी स्प्रे मारते. या दिवसांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की तासाभरात झाड खडखडीत वाळतं, सडायचा प्रश्नच येत नाही, जेवढं द्याल तेवढं कमीच. फक्त पाणी कुठलं घेता ते पहा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चटका बसेल असं येतं, ते तसंच ओतलं तर पानं उकडतील. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा, सकाळपर्यंत निवतं.

पाऊस सुरू झाला की सगळं उलट करायचं. पावसाचं पाणी या झाडाला जितकं मानवतं तितकं दुसरं कुठलंच नाही, तेव्हा पहिले चार-दोन पाऊस पडून हवेतली अन् छपरावरची धूळ धुतली गेली की झाडं बिनधास्त पावसात टांगा, पण आडवी किंवा खाली तोंड करून, म्हणजे पाणी आपोआप गळून जाईल. एक सर आली, भिजली, मग वारं सुटलं, ऊन पडलं, असं चालू असलं तर झाड बघता बघता वाढतं. धोका आहे तो झड लागली की. दोन-तीन दिवस नुसती रिपरिप, वारा नाही, सगळं दमट, कपडे वाळून नाही राहिले, अशा दिवसांत तुमचं झाडही वाळत नसतं हे समजून जा. तेव्हा सरळ आत आणायचं, पंख्याखाली टांगायचं, आणि झड संपेपर्यंत एक थेंबही पाणी द्यायचं नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवस बुडवलं नाही तरी काही बिघडत नाही, हवेतच भरपूर ओल असते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा पुरतं. थंडीत मात्र पहाटे गार पाण्यात नका बुडवू, ऊन वर आल्यावर दहा-अकराला बुडवा म्हणजे रात्र व्हायच्या आत वाळेल. पारा ८ च्या खाली जायला लागला की रात्री घरात घ्या, कोरडं झाड थंडी बऱ्यापैकी सोसतं, ओलं झाड सोसत नाही.

आता पाणी कसलं. नळाचं पाणी चालतं, रात्रभर उघडं ठेवलेलं असेल तर अजून चांगलं. बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांमध्ये जड असतं, ओळखायला सोपं आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर जमतो का ते पहा. तोच थर पानांवर बसला की ट्रायकोम बुजतात, झाड पाण्यात बुडलेलं असूनही तहानलेलं राहतं. बोअरशिवाय पर्याय नसेल तर आरओचं शुद्ध पाणी वापरा, पण आरओतून जे फेकायचं पाणी येतं ते नाही, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीतलं पाणीही नाही, तेच कारण, पाणी उडत जातं अन् क्षार मागे साठत जातात. एसीचं गळणारं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून बरेच जण झाडांना घालतात, याला घालू नका, ते पाणी कॉइलवरून येतं अन् त्यात तांब्याचा अंश येऊ शकतो, आणि तांबं या झाडाला विष आहे. यावर खाली परत येते. सगळ्यात उत्तम म्हणजे पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवून ठेवा, झाकण घट्ट हवं, डासांचं लक्षात ठेवा.

ऊन, हवा अन् कूलर

पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी असेल तर प्रश्न मिटला, सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं की आयोनांथा खूश असते आणि रंगही चांगला येतो. पश्चिमेची गॅलरी असेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट लावल्याशिवाय मार्च ते जून तिथे ठेवू नका. घरात अगदी आत, टीव्हीच्या शेल्फवर वगैरे ठेवलेली झाडं काही महिने चांगली दिसतात मग फिकट, लांबट होत जातात, उजेड कमी पडतो. खिडकीपासून हाताच्या अंतरावर हवं. काचेच्या गोळ्यात किंवा बरणीत ठेवायची फॅशन आहे, फोटोला छान दिसतं, पण आपल्या उन्हाळ्यात त्या काचेत भट्टी होते अन् पावसाळ्यात ओल कोंडते, म्हणजे दोन्ही ऋतूंत नुकसानच. मला काचेतलं एअर प्लांट पाहिलं की खरंच वाईट वाटतं.

मेच्या शेवटी आपल्याकडे रात्रीसुद्धा ३० च्या आसपास राहतात. वर सांगितलं तसं हे झाड रात्री श्वास घेतं, तेव्हा त्याला रात्र जरा गार अन् दमट लागते, त्यामुळे दिवसाच्या उन्हाइतकीच ही गरम रात्रसुद्धा त्याला जड जाते. इथे आपला कूलर फार कामाचा. उन्हाळ्यात रात्री झाडं कूलर चालू असलेल्या खोलीत आणा, पण अगदी कूलरच्या तोंडासमोर नको, तिथे गवतातून बारीक शिंतोडे उडतात अन् क्षाराचे पांढरे ठिपके पानांवर बसतात. ज्या खिडकीतून हवा बाहेर जाते, आपण कूलर चालावा म्हणून समोरची एक खिडकी उघडी ठेवतो ना, त्या खिडकीपाशी टांगा. गार, ओलसर, वाहती हवा, तिन्ही गोष्टी तिथे मिळतात. एसीच्या खोलीत उलट हवा कोरडी पडते, तिथे ठेवलं तर बुडवणं वाढवावं लागेल.

कशावर बसवायचं

काही नाही केलं, नुसतं जाळीच्या टोपलीत ठेवलं तरी चालतं. पण लाकडाच्या तुकड्यावर बांधलं की हळूहळू मुळं त्याला धरतात, ते बघायला फार छान वाटतं. सुतारकामातून उरलेलं सागवानाचं ओंडकं, नारळाची करवंटी, सुकलेली फांदी, काहीही घ्या, पॉलिश अन् रंग नसलेलं. जुन्या घराचं कवेलू म्हणजे छपराचं मातीचं कौल मिळालं तर उन्हाळ्यापुरतं मस्त, ते पाणी शोषतं अन् हळूहळू सोडतं, पण पावसाळ्यात याच कारणासाठी त्यावरून झाड काढून घ्या. बांधायला तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा सगळ्यात बरा, दिसत नाही, कुजत नाही. ग्लूगन वापरायची तर गोंद थोडा निवू द्या मग खालच्या पानांना चिकटवा. बुडख्याभोवती ओलं मॉस गुंडाळू नका, दुकानदार गुंडाळून देतो तेव्हाही घरी आल्यावर काढून टाका.

आणि तांबं. तांब्याची तार वळवायला सोपी, घरात पडलेली असते, म्हणून लोक त्यानंच बांधतात, पण तांबं ओलं झालं की त्याचे अंश थेट पानांतून आत जातात अन् झाड काही आठवड्यांत काळं पडून मरतं. आपल्याकडे याची दुसरी बाजू आहे ती मला जास्त काळजीची वाटते. अंगणात संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड असणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्याला बोर्डो मिश्रण फवारतात, पावसाळ्याआधी खोडाला पेस्ट लावतात. बोर्डो म्हणजे मोरचूद अन् चुना, मोरचूद म्हणजे तांबंच. कॉपर ऑक्सिक्लोराइडचं बुरशीनाशक असेल तरी तेच. फवारणीच्या दिवशी एअर प्लांट्स आत न्या, फवारणीचा पंप त्यांना स्प्रे मारायला कधीच वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी, आणि संत्र्याच्या फांदीला हौसेनं एअर प्लांट टांगलं असेल तर त्याला दुसरी जागा द्या.

खताचं थोडक्यात. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) खत प्रत्येक कृषी केंद्रात मिळतं, एक लिटर पाण्याला चिमूटभर, अर्ध्या ग्रॅमच्या आत, महिन्यातून एकदा बुडवायच्या पाण्यात. फक्त जुलै ते नोव्हेंबर अन् मग फेब्रुवारी-मार्च. कडक उन्हाळ्यात खत नको. कीड फारशी येत नाही, आली तर पिठ्या ढेकूण येतो, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं. कानाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून काढा, दुसऱ्या दिवशी झाड बुडवून धुवा. कडुनिंबाचं तेल बाकी झाडांना आपण सर्रास मारतो, याला नको, तेलाचा थर ट्रायकोमवर बसतो. खारींवर लक्ष ठेवा, घरट्यासाठी मऊ काही मिळालं की त्या सोडत नाहीत.

फूल आणि पिल्लं

आयोनांथा आयुष्यात एकदाच फुलते, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर फुलानंतर झाड उतरायला लागलं की लोक घाबरून पाणी वाढवतात अन् सडवतात. पानांची लाली काही आठवडे राहते, जांभळं फूल मात्र काही दिवसांचंच. फुलताना बुडवायचं तर फूल पाण्याबाहेर राहील असं, नुसता खालचा भाग. फुलाच्या आधी किंवा नंतर बुडाशी छोटी पिल्लं दिसायला लागतात, कधी एक, कधी तीन-चार, आणि आई हळूहळू, महिनोन् महिने, त्यांना सगळं देऊन वाळत जाते. तोवर तिला काढून टाकू नका, तिच्या जिवावरच पिल्लं वाढतात.

पिल्लू आईच्या अर्ध्याएवढं झालं की वेगळं करता येतं. एका हातात आई, एका हातात पिल्लू अगदी बुडाशी धरून हलकेच फिरवा, तयार असेल तर सहज सुटतं, जोर लागत असेल तर अजून महिनाभर थांबा. तोडलेली जागा एक-दोन दिवस कोरडी राहू द्या, मग बुडवायला सुरुवात करा. पिल्लू फुलायला वर्ष-दोन वर्षं, कधी तीनही लागतात. बियांपासूनही होतं, शेंगेतून म्हातारीच्या कापसासारखे तंतू असलेलं बी उडतं, पण त्याला इतकी वर्षं लागतात की घरच्या घरी पिल्लांचाच रस्ता बरा.

मी स्वतः पिल्लं सहसा तोडत नाही, तशीच वाढू दिली की गोल गुच्छ होतो, एकाच वेळी त्यातली तीन-चार झाडं लाल होतात, तेव्हा गॅलरीत दुसरीकडे नजर जात नाही. पण गुच्छ ठेवायचा तर एक काम न चुकता करायचं. गुच्छ जितका मोठा तितका तो आतून उशिरा वाळतो, आणि मधे मेलेल्या आईची वाळकी पानं अडकलेली असतात, ती पाणी धरून ठेवतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, गुच्छ खाली उतरवा, चिमट्यानं आतली सगळी वाळकी पानं अन् जुने बुडखे काढा, आरपार उजेड दिसेल इतकी मोकळी जागा करा, आणि मगच पावसात टांगा.